डाव्या भिंतीवरचा हुक

माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. आमच्या मालगोदामात बावीस माणसं आहेत आणि त्यातल्या एकवीस जणांना मी कधी ना कधी झापलेलं आहे. बाविसावी मीच. पण त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत घसा फोडून खरं तेच सांगत होते आणि एकानेही ऐकलं नाही.

आमचं काम बंद ट्रेलरमध्ये माल बांधायचं. भरणारे वेगळे, चालवणारे वेगळे, आम्ही बांधणारे. लोकांना वाटतं, चारी बाजूंनी बंद गाडी आहे, वर छप्पर आहे, माल जाऊन जाऊन जाणार कुठे? अहो, जातो. ब्रेक मारला की पुढे जातो, वळणावर बाजूला जातो, चढ लागला की मागे येतो. भिंती नुसत्या पत्र्याच्या, खांदा लागला तरी थरथरतात. म्हणून दोन्ही भिंतींत आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना खाचा असतात. पट्ट्याचा एक हुक डावीकडच्या खाचेत, पट्टा मालासमोरून आडवा, दुसरा हुक उजवीकडच्या खाचेत, आणि मग खटक्याने तो करकचून ताणायचा. एका ट्रेलरला असे नऊ पट्टे.

हुकाच्या मागे एक स्प्रिंगची जीभ असते. ती खाचेत टक्‌ करून बसली तर हुक बसला. नाही बसली तरी हुक खाचेच्या काठावर टेकून राहतो आणि पट्टा ताणला तर ताणसुद्धा घेतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल काय मस्त बांधलंय. पण गाडी तासभर हादरली, माल खाली बसला, पट्टा बोटभर सैल झाला, की हुक आपला सुटून खाली. आणि तो शेवटचा पट्टा असेल, दारालगतच्या रांगेचा, तर सगळा माल दारावर रेलून उभा राहतो. दार बंद आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. जो उघडतो त्याला लागतो.

डावी भिंत माझ्या दिरांची, उजवी माझी. पूर्वी उजवी भिंत माझ्या नवऱ्याची होती. त्याच्या पाठीने दगा दिला तेव्हा तो घरी बसला आणि मी त्याच्या जागेवर आले. दीर मला वहिनी म्हणतात, म्हणून अख्खं गोदाम मला वहिनी म्हणतं, माझ्या बापाच्या वयाचा चौकीदारसुद्धा. दोघा भावांनी एक शिस्त घालून ठेवलेली होती, ती मी तशीच उचलली. आपापली भिंत आपण बघायची, दुसऱ्याच्या भिंतीवर नजर टाकायची नाही. सुरुवातीला म्हणे एकमेकांचे हुक तपासण्यावरून दोघांची इतकी जुंपायची की आठवडा आठवडा अबोला. मग त्यांनी हे ठरवलं. हुक बसला की दीर मुठीने भिंतीवर दोनदा ठोकणार, ठक ठक, की मी ताणायला लागणार. गोदामात फोर्कलिफ्टचा एवढा गोंगाट असतो की हुकाची टक्‌ मला ऐकू येणं शक्यच नाही. ती ठक ठक मात्र पत्र्यातून थेट माझ्या हाताशी येते. नऊ वर्षं असंच चाललं होतं आणि एकदाही चूक झालेली नव्हती.

त्या दिवशीचा माल औषधाचा होता. खोकल्याच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या, खोक्यांतून, लाकडी फळ्यांवर रचून, एकावर एक दोन थर. वरचा थर माझ्या डोक्याच्याही वर. औषधाचा माल म्हणजे दाराला सील. एकदा सील लागलं की ते फक्त माल उतरवणाऱ्या गोदामात, त्यांच्या माणसांसमोर तुटायचं. वाटेत कुणी हात लावला तर सगळा माल परत, मग कुणाला खोकला असो नाहीतर नसो.

आणि उतरवणारं गोदाम कुठलं, तर जिथे माझी लेक दार उघडायच्या कामाला आहे ते.

तीन महिने झाले होते तिला लागून. साडेतीन तासांच्या रस्त्यावरचं गाव, तिथे दोघीतिघींनी मिळून घेतलेली एक खोली. जागा आहे हे पळापळने मला सांगितलं होतं आणि मीच तिच्या मागे लागून तिला तिथे चिकटवलं होतं. पळापळ म्हणजे त्या मार्गावरचा ड्रायव्हर. माणूस सोन्यासारखा, पण ढुंगणाला चाकं लावून जन्माला आलेला. लेकीला मी दिवसातून चारदा फोन करायचे. "जेवलीस का?" ती म्हणायची, "आई, तुझ्या हिशोबाने मी दिवसाला चारदा जेवते, म्हणून हे कपडे होत नाहीत मला." आमच्याकडचा ट्रेलर पोचला की ती मुद्दाम सांगायची, "आज तुझे पट्टे सोडले. काय आवळतेस गं, नखं तुटली माझी." मला ते ऐकायला इतकं आवडायचं की काय सांगू.

तर आठ पट्टे झाले, नववा राहिला. मी माझ्या भिंतीशी, स्टुलावर, डावीकडे पाठ करून, खटका हातात धरून तयार. ठक ठक आली. मी ताणला. दणकून ताणला, खाली उतरले. सीलवाल्याने फोटो काढला, कागद पुढे केला, "नऊ पट्टे, सर्व घट्ट" असं छापलेलं असतं त्याच्याखाली मी सही केली, दिरांनी केली. दारं लागली, दांडे पडले, सील बसलं. साडेदहाला पळापळ निघालासुद्धा.

सव्वाअकराला चहाला बसलो. दीर खांदा चोळत होते, त्यांचा डावा खांदा गेले वर्षभर धरलेला आहे. हसून म्हणाले, "काय वहिनी, आज शेवटचा मी न ठोकताच ताणलात. इतका विश्वास वाढला का माझ्यावर?"

मी म्हटलं, "ठोकलंत की."

"छे. जीभ अडत होती. हुक नुसता टेकवला आणि हातोडी आणायला गेलो. येऊन बघतो तर पट्टा ताठ. म्हटलं ओढ बसल्यावर आपोआप बसली असेल जीभ. तेवढ्यात तो फोटोवाला कडमडला."

पळापळची खोड मला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. उशीर होतोय असं वाटलं की गाडीच्या बाहेरून बुक्क्या मारत फिरतो, चला चला, आटपा. ती ठक ठक त्याची होती. बाहेरून मारलेली. डावीकडूनच.

"भाऊजी," मी म्हटलं, "जीभ बसली की नाही, तुम्ही बघितली?"

त्यांचं हसू तिथल्या तिथे गेलं. "नाही," ते म्हणाले. "मला वाटलं तुम्ही..." आणि मग दोघांनाही कळलं की पुढचं वाक्य बोलण्यात अर्थ नाही. मी त्यांच्या भिंतीकडे बघत नाही, ते माझ्या खटक्याबद्दल विचारत नाहीत. शिस्त आमची.

मी आधी पळापळला फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद करून डब्यात टाकायचा हा नियम आहे, आणि तो पाळत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेणारी मीच. तेव्हापासून पाळतो. मग लेकीला लावला. वाजून वाजून थांबला. त्यांच्याकडे कामावर चढताना फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात, जेवणाच्या सुट्टीत मिळतो. हेही मला माहीत होतं, तरी सात वेळा लावला. मग त्या गोदामाच्या ऑफिसात. एका मुलाने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या ऑफिसकडून कळवायला सांगा. आम्ही असं तोंडी घेत नाही."

मग साहेबांकडे गेले. दीर मागोमाग, खालमानेने.

साहेब वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा ही जागा त्याने माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग संगणकावर फोटो काढला आणि मोठा केला.

"हा पट्टा ताठ दिसतोय की नाही?"

"ताठ असणारच साहेब. ताठ आहे म्हणजे अडकलाय असं नाही. हुक दाखवा मला."

हुक फोटोत नव्हता. डावीकडच्या दाराची सावली तिथवर आली होती आणि त्या काळोखात सगळंच काळं होतं. साहेबाने फोटो अजून मोठा केला, काळं अजून मोठं झालं.

"बघा वहिनी, नीट नाही असंही यात दिसत नाही."

"मी सांगतेय ना. मी बांधलंय ते."

"आणि ही सही कुणाची?"

"माझी. चुकून केली. दुसरा कागद द्या, मी चुकले असं लिहून देते."

"तुम्ही सकाळी लिहून दिलंत घट्ट आहे. आता लिहून देताय सैल आहे. मी वरच्यांना कुठलं दाखवू? गाडी वाटेत थांबवून सील तोडलं आणि आत पट्टा जागच्या जागी निघाला तर? मागे झालंय हे. अख्खा माल परत आला, दोन माणसं घरी गेली. बरं, जीभ बसलीच नाही असं तुम्ही तरी छातीठोक सांगू शकता का?"

हे मात्र मी सांगू शकत नव्हते. खरं तर कुणीच सांगू शकत नव्हतं. दिरांनी टेकवलेला हुक माझ्या ओढीने बसलाही असेल. बसतात कधीकधी. दहात तीनदा बसत असतील.

"गाडी थांबवू नका," मी मग म्हटलं. आवाज माझाच मला ओळखू येईना, इतका मऊ. "नुसतं तिकडे कळवा. दार उघडताना बाहेरून दोर बांधून उघडा म्हणावं. तेवढं करा साहेब. माझी पोरगी असते त्या दारावर."

दोर बांधून उघडायची पद्धत आहे. दोन्ही दारांना बाहेरून दोर आवळायचा, दार वीतभर उघडू द्यायचं, आत बॅटरी मारून बघायचं, माल रेललेला असेल तर दोर तसाच आवळून धरून, बाजूला उभं राहून फटीतून एकेक खोकं काढायचं. अर्धा तास जास्त लागतो, म्हणून शंका असल्याशिवाय कुणी करत नाही.

"बघतो," साहेब म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.

त्याच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यात पळापळची गाडी एक निळा ठिपका होऊन सरकत होती. मी दारातून मागे वळून एकदा बघितलं. त्या वाटेवर शेवटच्या तासाला मोठा चढ आहे. ठिपका अजून सपाटीवरच होता. हात लांब केला तर बोट टेकेल इतका जवळ होता मेला, आणि मला त्याचं काही म्हणता काही करता येत नव्हतं.

दीर बाहेर आल्यावर म्हणाले, "मी स्कूटर काढतो. गाठतो त्याला."

"त्या खांद्याने? तासाभरापूर्वी गेलेल्या गाडीला? तुमची स्कूटर चढाला हातात धरून न्यावी लागते." मी चिडूनच बोलले. त्यांचे डोळे भरून आले होते ते मला दिसलं, पण मी चिडूनच बोलले. मला त्यांचा राग आला होता, पळापळचा आला होता, माझा तर इतका आला होता की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

पावणेएकला लेकीचा फोन आला. मी माझा उजवा कान त्याच्यावर चिकटवला आणि डाव्या कानात बोट घातलं, कारण गोदाम काही माझ्यासाठी गप्प बसणार नव्हतं.

"आई, सात मिस्ड कॉल? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू ऐक. पळापळची गाडी येईल दोनला. तिचं दार तू उघडायचं नाहीस."

"का?"

"शेवटचा पट्टा बसलेला नाही. माल दारावर आलेला असणार. तू समोर उभी राहू नकोस. ऐकतेस ना? तू बाजूला राहा. पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण, पण तू दाराशी जाऊ नकोस."

"पण मग सगळ्यांनाच सांगायला हवं ना."

"सांग की. तुझ्या साहेबाला सांग, दोर बांधून उघडा म्हणावं. पण तू बाजूला राहा."

"सांगते. आई, घंटा झाली, फोन ठेवायला लागतो. तू घाबरू नकोस."

एक मिनिट आणि काही सेकंद. मी नंतर बघितलं फोनमध्ये. त्या एका मिनिटात 'तू' हा शब्द मी किती वेळा वापरला ते आता मोजत बसत नाही.

मला हायसं वाटलं. लपवून काय करू, चांगलंच हायसं वाटलं. मी डबा उघडला, चार घास खाल्ले. दिरांना म्हटलं, "सांगितलंय तिला. सांगेल ती." त्यांनीही डबा उघडला, पण खाल्लं नाही.

सव्वा एकला साहेब स्वतः उठून आमच्याकडे आला. "त्यांच्या साहेबाचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुमच्या मुलीने काहीतरी सांगितलं म्हणे तिकडे."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, ऑफिसकडून काही कळवायचं आहे का. मी म्हटलं, आमच्याकडे कागद आहे. फोटो आणि सही पाठवून दिली. त्यांचं समाधान झालं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वहिनी, मी खोटं काही पाठवलेलं नाही. जे होतं ते पाठवलं."

"माझी सही पाठवलीत."

"तुमचीच आहे ना?"

त्याच्यावर ओरडायचं होतं मला. इतकी वर्षं या माणसांवर मी लहानसहान गोष्टींसाठी ओरडले, पाण्याच्या बाटलीला झाकण नाही म्हणून ओरडले, आणि आता ओरडायची खरी वेळ आली तर ओरडले नाही. मी पुन्हा त्यांच्या ऑफिसात फोन लावला. तोच मुलगा. "हो ताई, तुमचा कागद आलाय. सगळं ठीक आहे त्यात." मी म्हटलं, "अरे, तो कागद ज्या बाईने केला ती बाई मी आहे, आणि मी सांगतेय की ते ठीक नाही." तो म्हणाला, "मी नोंद करून ठेवतो." लेकीचा फोन परत कपाटात गेला होता. पळापळचा डब्यात. मला वेड लागेल असं वाटायला लागलं.

दीडला दुसरा ट्रेलर लागला आणि आम्हाला तो बांधायला लागलं. काम थोडंच थांबतंय. पहिला पट्टा. दिरांनी हुक लावला, ठक ठक केलं. मी खटका हातात घेतला, पण ताणला नाही. मी खटका खाली ठेवला, मालासमोरून पलीकडे गेले आणि त्यांच्या भिंतीवरच्या हुकाला बोट लावून बघितलं. जीभ बसलेली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाजूला गेले होते. दीर बाजूला सरकून उभे राहिले, वाट करून दिली.

"बघा," ते म्हणाले. "प्रत्येक बघा. आता तरी बघा."

मी प्रत्येक बघितला. नऊच्या नऊ बसलेले होते. सगळे इतके नीट बसलेले होते की मला रडू आलं. ते माझ्याकडे पाठ करून, भिंतीवर हात टेकून उभे होते. दोनदा मी त्यांना म्हटलं, "बसलाही असेल हो ओढीने." दोनदा ते म्हणाले, "असेल." दोघांनाही ते खरं व्हायला हवं होतं, बस्स.

दोन वाजून पाच मिनिटांनी साहेबाने काचेतून हाक मारली. "पोचली गाडी. ठिपका थांबलाय. झालं आता?"

मी डोळ्यांपुढे सगळं बघत होते. पळापळ उतरणार, पाठ मोडून आळस देणार. गाडी उलटी करून फलाटाला लावणार, पण त्याआधी दारं उघडायला पुरेशी जागा सोडून थांबणार. सील बघायला कुणीतरी येणार, आकडा ताडून बघणार, सील तोडणार. मग दोघी पुढे होणार, एक डाव्या दाराला, एक उजव्या. आधी उजवं उघडतं. दांडा वर उचलायचा, बाहेर ओढायचा, आणि ओढताना तुमचं अंग बरोबर दारासमोर येतं, त्याला इलाज नाही. हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागतात. मी घड्याळाकडे बघत दहा मिनिटं काढली. मग वीस. मग अर्धा तास. फोन वाजला नाही म्हणजे चांगलंच असणार, असं मी दिरांना सांगितलं. वाईट बातमी लगेच येते, असंही सांगितलं. ते मान हलवत होते.

पावणेतीनला फोन वाजला. लेकीचा. कामाच्या वेळेत तिचा फोन तिच्या हातात कसा, हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही.

"आई," ती म्हणाली.

"तू बरी आहेस?"

"मी बाजूला होते."

"कुठे लागलं बिगलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. "बरं झालं गं बाई. बरं झालं."

मागे कुणीतरी मोठ्याने कुणालातरी पाणी आणायला सांगत होतं, काचा पायाखाली कुरकुरत होत्या.

"माझ्याबरोबरची होती ना दारावर," ती म्हणाली. "जोडीला असते ती. मी तिला सांगितलं होतं आई. म्हटलं, साहेब काही म्हणोत, आपण दोर बांधूया. मी दोर आणलाही होता. तर ती म्हणाली, अगं तुझ्याच आईची सही आहे कागदावर. तू एवढं सांगत असतेस, माझ्या आईचा पट्टा नखाने सुटत नाही म्हणून. तुला भीती वाटते तर तू सरक तिकडे, मी उघडते."

"मग?" मी विचारलं.

"दांडा उचलला आणि दार तिच्या हातात राहिलंच नाही. वरचा सगळा थर आला. दोन खोकी नाही आई, सगळा थर."

"कशी आहे ती?"

"घेऊन गेले आत्ता. बोलत नव्हती. मी हाका मारल्या, तरी बोलत नव्हती."

काय बोलायचं असतं अशा वेळी? मला बोलता आलं असतं काहीही. मी म्हटलं, "तू आधी पाणी पी. कुठेतरी बस. तू आता कुठे उभी आहेस? गाडीपासून लांब आहेस ना?"

"आई," ती म्हणाली, "तू सारखं माझंच काय विचारतेस?"

आणि तिने फोन ठेवला.

दीर समोर येऊन उभे राहिले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना. त्यांनी एवढंच विचारलं, "पोर? आपली पोर?"

"आपली बरी आहे," मी म्हटलं.

ते होते तिथेच स्टुलावर खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. "सुटलो," ते म्हणत होते, "सुटलो वहिनी, सुटलो."

त्या दुसऱ्या बाईचं मी त्यांना लगेच सांगितलं नाही. दोन मिनिटं त्यांना तसंच बसू दिलं. ती दोन मिनिटं मलाही हवी होती.